तिच्या आशेला हसू नका: प्रेमाच्या विनोदी गोष्टी लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रेमाच्या विनोदी गोष्टी लिहिणारे सर्व लेखक, पटकथाकार आणि दिग्दर्शक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मोठ्या शहरात एकटी राहणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली, तिशी ओलांडलेली बाई जोडीदार शोधायला निघते आणि तिची पदोपदी फजिती होते, ही गोष्ट तुम्ही कितीतरी वर्षं सांगत आला आहात. पुस्तकांत, मालिकांत, चित्रपटांत ती जिथे भेटली तिथे मी आवडीनं वाचली, पाहिली. मी स्वतः छत्तीस वर्षांची आहे, मोठ्या शहरात एकटी राहते आणि जोडीदार शोधते आहे. या शोधात पोट धरून हसावं असं खूप काही घडतं, हे मी अनुभवानं सांगते. त्यामुळे तुम्ही विनोद करता याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तुम्ही विनोद कशावर करता, याबद्दल आहे.

शहर अजब आहे. शोधायच्या पद्धती अजब आहेत. भेटणारी माणसं कधी कधी अगदी बुचकळ्यात टाकतात. पण तुमच्या गोष्टीत हशा येतो तो तिच्या वजनावर, तिच्या वयावर, सुट्टीच्या दिवशी ती एकटीच घरी असते यावर. आणि सगळ्यात मोठा हशा येतो तो तिला अजूनही कुणीतरी भेटेल असं वाटतं, यावर. तिची आशा हाच विनोदाचा विषय होऊन बसला आहे. ते बदला, एवढं सांगायला हे पत्र.

तुमच्याच परंपरेतल्या एका थोर लेखिकेनं हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी हाताळला आहे. जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी १८१५च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. त्यात मिस बेट्स नावाची बाई आहे: अविवाहित, गरीब, बडबडी, मनानं अतिशय चांगली. बॉक्स हिलच्या सहलीत खेळ ठरतो की प्रत्येकानं एक चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा मग तीन अगदी नीरस. मिस बेट्स भाबडेपणानं म्हणते की तीन नीरस गोष्टी तर मी तोंड उघडताच सांगेन. त्यावर कादंबरीची नायिका एमा पटकन म्हणते की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच सांगता येतील. टोमणा कळायला मिस बेट्सला क्षणभर लागतो. मग तिचा चेहरा उतरतो, आणि ती एमाला उलट काही न बोलता स्वतःलाच दोष देऊ लागते. पुढे एमाचा जुना स्नेही नाइटली तिला खडसावतो. ही बाई सुखवस्तू असती तर गोष्ट वेगळी होती. ती गरीब आहे, दिवसेंदिवस आणखी गरीब होणार आहे, आणि तू चारचौघांत तिची थट्टा केलीस. एमा घरी परतताना गाडीत रडते.

ऑस्टिननं मिस बेट्सच्या बडबडीवर वाचकाला कादंबरीभर हसवलंच आहे. पण तिला दुखवणारा विनोद आला, तेव्हा शरमेची पाळी तिनं विनोद करणाऱ्यावर आणली. मला हे फार मोलाचं वाटतं. तुमच्यापैकी अनेकजण ऑस्टिनचे कथानकाचे सांगाडे आजही वापरता. दोघांचं आधी पटत नाही, मग पटतं. गैरसमज होतो, मग मिटतो. ते सगळं तुम्ही उचललंत. गाडीतलं ते रडणं मात्र मागेच राहिलं.

थट्टेनं काय होतं, याचं एक उदाहरण तुमच्या क्षेत्रातलंच आहे. जून १९८६मध्ये ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानं अविवाहित स्त्रियांवर मुखपृष्ठकथा छापली. हार्वर्ड आणि येलच्या संशोधकांचा एक अभ्यास तेव्हा गाजत होता. त्यातल्या अंदाजानुसार, महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली गोरी अमेरिकन स्त्री पस्तिशीपर्यंत अविवाहित राहिली, तर तिचं लग्न होण्याची शक्यता ५ टक्के, आणि चाळिशीत २.६ टक्के. साप्ताहिकानं त्यात भर घातली की चाळिशीतल्या अशा स्त्रीचं लग्न होण्यापेक्षा ती दहशतवाद्याच्या हातून मरण्याची शक्यता जास्त आहे. या वाक्याला कसलाही आधार नव्हता. मुळात ती एका प्रतिनिधीनं कार्यालयीन टिपणात गमतीनं लिहिलेली ओळ होती. जनगणना विभागातल्या लोकसंख्यातज्ज्ञांनी केलेली गणितं त्याच सुमारास वेगळं चित्र दाखवत होती. पण गंमत आकड्याच्या शेजारी छापली गेली आणि लोकांना तीही आकडाच वाटली.

सात वर्षांनी, १९९३मध्ये, ‘स्लीपलेस इन सिॲटल’ या चित्रपटात तीच ओळ संवादात आली. नायिका म्हणते, हे खरं नाही. तिची मैत्रीण म्हणते, खरं नाही, पण खरं वाटतं. हा प्रसंग मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण तो अगदी बरोबर लिहिला आहे. खोटी गोष्ट थट्टेच्या रूपानं एकदा मनात शिरली की नंतर ती खोटी आहे हे कळून काही उपयोग होत नाही. २००६ साली ‘न्यूजवीक’नं आपलं भाकीत चुकल्याचं मान्य केलं. १९८६च्या लेखात ज्या अविवाहित स्त्रिया होत्या, त्यांतल्या सापडल्या त्यांना पुन्हा गाठलं, तर बहुतेकींची लग्नं झालेली होती. पण मधल्या वीस वर्षांत तो विनोद किती घरांतून, किती ऑफिसांतून, किती वाढदिवसांतून फिरला असेल? पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या किती जणींनी, मनाला न पटलेल्या माणसाला, आता हाच शेवटचा, असं समजून हो म्हटलं असेल? ते मोजायला कुणी गेलं नाही.

आता वजनाचं. ब्रिजेट जोन्स ही काल्पनिक नायिका १९९५मध्ये लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’मधल्या सदरातून आली आणि १९९६मध्ये तिची रोजनिशी पुस्तकरूपानं निघाली. लेखिका हेलन फील्डिंगनं तिला बुद्धी दिली, जिवाला जीव देणारे मित्रमैत्रिणी दिले, आणि विवाहित जोडप्यांच्या मेजवानीत एकट्या बाईला कसे प्रश्न विचारतात, ते इतकं नेमकं टिपलं की ती पानं मी अजूनही काढून वाचते. पण १ जानेवारीच्या पहिल्याच नोंदीत तिनं लिहिलेलं वजन पाहा: १२९ पौंड, म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावन्न किलो. ही बाई वर्षभर स्वतःला लठ्ठ समजते. लेखिकेचा रोख त्या वेडावर होता, असं मी मानते. पण तिच्यानंतर आलेल्या कितीतरी नकलांनी तो रोख सोडून दिला आणि नुसतं वजन उचललं. नायिका धडपडते, कपड्याची चेन तुटते, खुर्ची करकरते, आणि प्रेक्षागृह हसतं.

खरी गंमत कुठे असते, ते मी सांगते.

एकदा एका गृहस्थांशी माझं एका कॅफेत भेटायचं ठरलं. त्या कॅफेच्या एकाच रस्त्यावर दोन शाखा होत्या आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी एकीत बसले, तो दुसरीत. दोघांनीही पोचल्याचे निरोप पाठवले. ‘मी खिडकीजवळ आहे.’ ‘मीही खिडकीजवळच आहे.’ आपल्याला कुणीतरी बनवतंय असं दोघांनाही वाटायला लागलं. मग घोळ लक्षात आला, आणि समोरच्याला त्रास नको म्हणून दोघंही एकाच वेळी आपापली जागा सोडून दुसऱ्या शाखेकडे निघालो. रस्त्याच्या मधोमध दुभाजक, त्यावर दाट झाडी. तो पलीकडून आला, मी अलीकडून गेले. पोचल्यावर पुन्हा दोघांचे निरोप. शेवटी त्यानं फोन केला आणि हात जोडल्यासारख्या आवाजात म्हणाला, ‘आता कृपा करून तुम्ही जिथे आहात तिथेच थांबा.’ तो येईपर्यंत मी एकटीच हसत होते, आणि तो आत आला तोही हसतच.

संध्याकाळ फार छान गेली. त्यानंतरही आम्ही भेटत राहिलो. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आणि एवढ्याशा ओळखीवर दूर राहून नातं निभवायची दोघांचीही तयारी नव्हती, म्हणून थांबलो. पण त्या दिवशी मी बिचारी नव्हते आणि तो मूर्ख नव्हता. एकमेकांच्या सोयीचा विचार केल्यामुळे दोन शहाणी माणसं चुकली, ही त्यातली गंमत होती. तुमच्या हातात हा प्रसंग गेला असता तर ती तासभर एकटी बसली असती, वेटरनं कणवेनं तिच्याकडे पाहिलं असतं, आणि बाहेर पाऊस लागला असता.

दुसरा प्रसंग. पहिल्यांदा कुणाला भेटायला जाताना मी मैत्रिणीला जागा, वेळ, त्या माणसाचं नाव आणि माझं लाइव्ह लोकेशन पाठवते. अर्ध्या तासानं तिचा फोन येतो. ‘फाइल टेबलावर आहे’ म्हटलं की सगळं ठीक; ‘फाइल सापडत नाही’ म्हटलं की तिनं काहीतरी तातडीचं काम काढून मला बोलावून घ्यायचं. एकदा मी फाइल टेबलावर असल्याचं सांगून फोन ठेवला, तोच समोरच्याचा फोन वाजला. तो म्हणाला, ‘हो, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.’ मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मी विचारलं, ‘गाडी सर्व्हिसिंगला म्हणजे चांगलं की वाईट?’ तो म्हणाला, ‘चांगलं. आणि फाइल टेबलावर?’

हा प्रसंग मी तुम्हाला आनंदानं देते, हवा तसा वापरा. पण त्यातला एक तपशील गाळू नका. बोलता बोलता कळलं की त्याचा संकेत कंटाळा आला तर सुटका व्हावी म्हणून होता. माझा संकेत सुखरूप घरी पोचावं म्हणून होता. एकाच टेबलावर बसलेल्या दोन माणसांच्या दोन युक्त्या, वरून सारख्या, आतून किती वेगळ्या. तो हे ऐकून काही वेळ बोललाच नाही. नंतर म्हणाला की हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. हा क्षण पडद्यावर आला तर हशाही येईल आणि हसता हसता काही पुरुष प्रेक्षक विचारातही पडतील.

शिवाय शोधायची पद्धतच बदलली आहे, आणि तुमच्या गोष्टी तिच्याकडे अजून नीट बघत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अमेरिकेत २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची ओळख ऑनलाइन झाली होती. कित्येक दशकं सर्वांत वर असलेला मित्रमंडळींमार्फत ओळखीचा मार्ग मागे पडला. तुमचे नायक-नायिका मात्र अजूनही पुस्तकांच्या दुकानात एकमेकांवर आदळतात आणि कागद उडतात. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण अंगठ्यानं चेहरे डावीकडे-उजवीकडे सारण्यात जाणारी रात्र, एकाच आठवड्यात पाच जणांना नव्यानं स्वतःची ओळख करून देणं, छान गप्पा रंगल्यावर समोरचा एकाएकी गप्प होणं आणि पुन्हा कधीच न उगवणं, यात नाट्य काय कमी आहे?

विनोद तर ठासून भरलेला आहे. ओकेक्युपिड या डेटिंग साइटनं २०१०मध्ये आपल्या सदस्यांनी नोंदवलेल्या उंचीचं विश्लेषण केलं, तेव्हा पुरुषांनी सरासरी दोनेक इंच वाढवून सांगितल्याचं दिसलं, आणि सहा फुटांच्या जवळ आलेल्यांचा मोह तर आणखी वाढलेला. हे वाचल्यावर मला त्या पुरुषांची कीवही आली आणि मायाही वाटली. सहा फुटांची अट घालणारा रकाना कुणीतरी बनवला, आम्ही तो भरला, आणि त्या रकान्यात बसावं म्हणून पलीकडचा माणूस दोन इंच उंच झाला. पहिल्या भेटीला तो जाड तळव्याचे बूट घालून येतो. तीही काहीतरी झाकूनच आलेली असते. दोघं समोरासमोर उभे राहतात. यावर लिहा. इथे कुणी कुणाच्या वर नाही, दोघंही सारखेच घाबरलेले आहेत.

एका बाबतीत मात्र मी विनंती न करता आग्रह धरणार आहे. ती नाही म्हणते, तो ऐकत नाही. तिच्या घराखाली उभा राहतो, ऑफिसच्या दारात येतो, तिच्या मैत्रिणींकडून तिचा पत्ता काढतो, आणि शेवटी सगळ्यांसमोर प्रेमाची कबुली देतो. पार्श्वसंगीत चढतं, लोक टाळ्या वाजवतात, ती हो म्हणते. मिशिगन विद्यापीठात ज्युलिया लिपमन यांनी २०१५च्या सुमारास एक प्रयोग मांडला. स्त्रियांच्या एका गटाला असा पाठलाग प्रेमळ रंगवलेला चित्रपट दाखवला, दुसऱ्या गटाला असाच पाठलाग भीतीदायक रंगवलेला वेगळा चित्रपट. पहिल्या गटात, विशेषतः ज्यांना तो चित्रपट वास्तव वाटला त्यांच्यात, पाठलागाचं समर्थन करणाऱ्या समजुती अधिक मान्य झालेल्या आढळल्या. म्हणजे आमच्यासारख्या प्रेक्षक स्त्रियाच तुमच्या कथेमुळे धोक्याची खूण प्रेमाची खूण म्हणून वाचायला शिकतात. माझ्या ओळखीतल्या एकीला नकार दिलेल्या माणसामुळे राहतं घर बदलावं लागलं. तो हातात फुलं घेऊनच यायचा. तुमचा तो शेवटचा प्रसंग लागला की ती खोलीतून उठून जाते.

नकार ऐकून नीट मागे फिरणारा पुरुष तुम्ही नायक म्हणून रंगवून दाखवा. त्यानं पुढे काय केलं, तो घरी कसा गेला, मित्राला काय म्हणाला, हे बघायला मला मनापासून आवडेल.

मैत्रिणीबद्दलही थोडं. तुमच्या गोष्टीत ती नायिकेचे निरोप वाचून दाखवायला, चटकदार वाक्य टाकायला आणि शेवटी लग्नात नाचायला असते. प्रत्यक्षात निम्मी गोष्ट तिची असते. माझी मैत्रीण रात्री उशिरा झोपते, कारण मी घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय तिला झोप लागत नाही. तिच्या बाबतीत मीही तेच करते. आम्ही एकमेकींच्या भेटींवर इतक्या हसलो आहोत की फोन धरून धरून कान दुखायला लागतो. हे प्रेम आहे. त्याला दुय्यम पात्राची जागा देऊ नका.

राहता राहिला शेवट. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) या चित्रपटाच्या आधीच्या मसुद्यात हॅरी आणि सॅली शेवटी एकत्र येत नव्हते. कँडेस बुशनेलनं १९९४पासून ‘न्यूयॉर्क ऑब्झर्व्हर’मध्ये लिहिलेल्या सदराचं ‘सेक्स अँड द सिटी’ हे पुस्तक संपतं तेव्हा नायिका कॅरी आणि तिचा प्रियकर मिस्टर बिग वेगळे झालेले असतात आणि कॅरी एकटी, आनंदात असते. त्याच नावाची मालिका १९९८ ते २००४ अशी सहा पर्वं चालली आणि शेवटी तो तिला घ्यायला थेट पॅरिसला आला. मालिकेचे निर्माते डॅरेन स्टार यांनीच पुढे २०१६मध्ये म्हटलं की मालिकेनं अखेरीस आपल्या मूळ म्हणण्याशी प्रतारणा केली.

माझं म्हणणं ‘तिला एकटीच ठेवा’ असं नाही. मला स्वतःला कुणीतरी हवं आहे. सकाळी उठल्यावर ज्याच्याशी पहिलं बोलणं व्हावं असं माणूस मला हवं आहे, आणि हे म्हणायला मला कसलाही संकोच वाटत नाही. म्हणून तुमच्या नायिकेला तो मिळाला तर मला आनंदच होतो, डोळ्यांत पाणी येतं. पण तो मिळेपर्यंतचं तिचं सगळं आयुष्य म्हणजे नुसती वाट बघण्याची खोली, असं दाखवू नका. तिला काम आहे, तिची मतं आहेत, तिचं घर तिनं तिच्या आवडीनं लावलेलं आहे. ती एखाद्याला नाही म्हणते तेव्हा तिच्याजवळ कारण असतं. ते कारण तिच्या तोंडून येऊ द्या, आणि पुढच्या वीस मिनिटांत ते चुकीचं ठरवू नका.

तुमच्यापैकी कुणी सध्या अशी संहिता लिहीत असाल, तर चित्रीकरणाआधी ती आमच्यातल्या चारसहा जणींना वाचून दाखवा. पंचविशीतली एक असू दे, पन्नाशीतली एक, घटस्फोटानंतर पुन्हा शोधणारी एक. आम्ही कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, ते समासात लिहून घ्या. प्रसंग कमी पडले तर तेही देऊ, आमच्याकडे भरपूर आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या गोष्टींची एक जुनी प्रेक्षक